मोडता येईल असं हाड

गुडघ्याजवळ, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात कधीकधी एक गाठ वाढते. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते, पण हाड आतून पोखरत नेते. सर्जन हाडाला खिडकी पाडतात, आतला सगळा ऐवज खरवडून काढतात आणि मागे लिंबाएवढी, कधी मोसंब्याएवढी पोकळी राहते. ती तशीच सोडली तर पायावर भार येताच हाड खचायची भीती. म्हणून ती भरायची. कशाने भरायची, यावर माणसाने गेली साडेतीनशे वर्षं डोकं चालवलं आहे.

योब फान मेकेरेन या डच शल्यविशारदाच्या १६६८ सालच्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकिकत आहे. त्याच्या कवटीला पडलेलं भगदाड कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून बुजवलं होतं. जखम भरली, पण माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड चर्चला काही रुचलं नाही आणि गडी वाळीत पडला. पुढे १८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमन या डॉक्टरने हाडातल्या पोकळ्या चक्क प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. हे वाटतं तितकं अडाणीपणाचं नव्हतं. प्लास्टर शरीराला बाधत नाही आणि हळूहळू विरघळून जातं. अडचण एवढीच की ते फार लवकर जातं. काही आठवड्यांत ते निघून जातं आणि मोठी पोकळी नव्या हाडाने भरायला तर महिने लागतात.

आजही पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला असते. हात कमरेवर ठेवला की तळव्याखाली हाडाचा जो कंगोरा लागतो, तिथून चुरा किंवा तुकडे काढून पोकळीत भरतात. त्यात जिवंत पेशी असतात, हाड वाढवणारी प्रथिनं असतात, आणि परकेपणाचा प्रश्नच येत नाही. पण तिथला साठा मर्यादित. शिवाय एका ऑपरेशनच्या दोन जखमा होतात, आणि मूळ दुखणं बरं झालं तरी कमरेतली ठणक मागे राहिली अशी तक्रार करणारे रुग्ण कोणत्याही हाडांच्या डॉक्टरला माहीत असतात.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत याला उत्तर म्हणून सिरॅमिक आलं. हाडातलं खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं एक स्फटिकरूप, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. ते प्रयोगशाळेत बनवणं अवघड नाही. त्याची भुकटी हजार अंशांच्या वर भाजली की कडक, सच्छिद्र दाणे किंवा ठोकळे मिळतात. हाड त्यांना छान चिकटतं. पण भट्टीतून निघालेले हे स्फटिक इतके मोठे आणि पक्के असतात की शरीराला ते फोडता येत नाहीत. दहा वर्षांनी एक्स-रे काढला तरी ठोकळा बहुधा जागच्या जागी दिसतो. प्लास्टर थांबत नाही, सिरॅमिक हलत नाही.

इथे हाडाविषयीची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सांगाडा एकदा बांधून ठेवलेली वास्तू नव्हे. प्रौढ माणसात दरवर्षी साधारण दहा टक्के हाड मोडून नव्याने बांधलं जातं. मोडण्याचं काम करतात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी. आकाराने दांडग्या, एकेकीत अनेक केंद्रकं. अशी पेशी हाडाच्या पृष्ठभागाला कडेने घट्ट चिकटून बसते, आपल्या खाली एक बंदिस्त खोबण तयार करते आणि तीत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं. मग उघड्या पडलेल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना ती कॅथेप्सिन-के नावाच्या विकराने कातरते. काही आठवड्यांनी ती निघून गेली की ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे बांधणाऱ्या पेशी, त्या खोबणीत उतरतात. त्या आधी प्रथिनाचं मऊ जाळं अंथरतात आणि साधारण दहा दिवसांनी त्यात खनिज भरायला लागतं. या दोन टोळ्यांचं एकमेकींशी सतत बोलणं चालू असतं, मोडणाऱ्यांच्या मागोमागच बांधणाऱ्या येतात. पोकळीत भरायचा माल निवडताना म्हणूनच तो किती टिकतो हे विचारून भागत नाही. या पेशींना तो मोडता येतो का, आणि कोणत्या वेगाने, हे विचारावं लागतं. माझ्या मते या क्षेत्राची खरी परीक्षा तीच, आणि कोलॅजेन-खनिज संमिश्रांचं महत्त्व तिथेच कळतं.

वजनाने पाहिलं तर हाडात साधारण पासष्ट ते सत्तर टक्के खनिज, वीस-पंचवीस टक्के सेंद्रिय भाग आणि उरलेलं पाणी असतं. त्या सेंद्रिय भागात नव्वद टक्के एकटं कोलॅजेन. घरच्या घरी दोघांना वेगळं करता येतं. कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड बरणीत व्हिनेगर घालून बुडवून ठेवा आणि व्हिनेगर एक-दोनदा बदला. काही दिवसांनी आम्लाने खनिज ओढून घेतलं की हाताला जे लागतं ते दिसायला हाडच असतं, पण दोन्ही टोकं धरली तर वाकतं. उरलेलं हे कोलॅजेन. उलट हाड निखाऱ्यात पूर्ण जाळलं की कोलॅजेन जातं आणि पांढरं खनिज उरतं. आकार तोच, पण चिमटीत धरलं तर चुरा. एकट्या खनिजाला ताण सोसवत नाही, एकट्या कोलॅजेनला भार.

कोकणातला कुडाचा आडोसा ज्याने पाहिला आहे त्याला यातलं तत्त्व सांगायला नको. कारवीच्या काठ्यांचा ताटवा आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. काठी ताण घेते, माती आकार धरते. पण ही उपमा एका जागी थांबते, आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे. कुडात माती काठीच्या बाहेर असते. हाडात खनिज धाग्याच्या आतसुद्धा शिरलेलं असतं.

ते कसं, हे कळायला आधी कोलॅजेनची घडण कळावी लागली, आणि त्या कामाचा मोठा भाग आपल्याकडे, मद्रासमध्ये झाला. १९५२ मध्ये गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख म्हणून आले तेव्हा ते अजून तिशी ओलांडत होते. त्याच सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही, हे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून रामचंद्रन यांच्या मनात पक्कं बसलं. केंद्रीय चर्मसंशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती, त्यामुळे नमुन्यांची सोय होती. चामडं म्हणजे कोलॅजेनच. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली आणि १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी तिला सुधारलेलं रूप दिलं. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन. हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल. पिळाच्या गाभ्यात दुसरं कुठलं मावतच नाही. याच सुमारास फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी मद्रासच्या मांडणीतल्या बारीकसारीक बंधांवर आक्षेप घेऊन दुरुस्ती सुचवली आणि त्यावरून बराच वाद झाला. पण तिहेरी पीळ टिकला. एका ग्लायसिनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल आलं तर काय होतं हे ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ या आजारात दिसतं. साध्या धक्क्याने मोडणारी हाडं घेऊन मूल जन्माला येतं.

पीळ घट्ट राहायला आणखी एक गोष्ट लागते. साखळीतल्या काही प्रोलिन अमिनो आम्लांवर ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट बसवावा लागतो, आणि त्यासाठी क जीवनसत्त्व हवं. ते नसेल तर स्कर्व्ही होतो. १७४०च्या दशकात जॉर्ज अ‍ॅन्सनच्या जगप्रदक्षिणेत स्कर्व्हीने खलाशी पटापट मेले. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. बॉइनच्या लढाईत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, मोडून सांधलेलं त्याचं हाड जहाजावर पुन्हा सुटलं. जणू ते कधी जुळलंच नव्हतं. पन्नास वर्षं तो सांधा मोडला जात होता आणि बांधला जात होता. बांधायचा माल निकामी झाला, पण मोडणं काही थांबलं नाही.

कोलॅजेनचा एक रेणू सुमारे तीनशे नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य रेणू शेजारीशेजारी लागून तंतू बनतो, पण ते एका ओळीत टोकाला टोक लावून बसत नाहीत. प्रत्येक रेणू शेजाऱ्यापेक्षा सुमारे ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेला असतो, आणि एकाच रांगेतल्या दोन रेणूंमध्ये साधारण चाळीस नॅनोमीटरची फट राहते. १९६३ मध्ये हॉज आणि पेट्रुस्का यांनी ही मांडणी सुचवली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तंतूवर दिसणाऱ्या पट्ट्यांचा उलगडा झाला. त्या फटींत आणि त्यांच्या आजूबाजूला हाडाचं खनिज बसतं. त्याच्या चकत्या अवघ्या दोन ते चार नॅनोमीटर जाड, काही डझन नॅनोमीटर लांब आणि तंतूच्या दिशेला समांतर लागलेल्या. ते शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटही नसतं. त्यात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम अशी भेसळ असते, स्फटिक अपुरे आणि वेडेवाकडे असतात. म्हणूनच ऑस्टिओक्लास्टच्या आम्लाला ते सहज दाद देतात. किती खनिज तंतूच्या आत आणि किती बाहेर, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण आत काही आहे, याबद्दल वाद नाही.

आता हे बाहेर बनवायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे मिसळणं. गाईच्या कातडीतून काढलेलं शुद्ध कोलॅजेन आणि सिरॅमिकचे दाणे. १९९०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आलेलं ‘कोलाग्राफ्ट’ असंच होतं. दाण्यांत ६५ टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ३५ टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, सोबत कोलॅजेन, आणि ऑपरेशनच्या वेळी त्यात रुग्णाचाच अस्थिमगज मिसळायचा. दंतवैद्यकात वापरलं जाणारं ‘बायो-ऑस कोलॅजेन’ही याच जातीचं. गाईच्या हाडाचं प्रथिनं काढून टाकलेलं खनिज नव्वद टक्के, डुकराचं कोलॅजेन दहा टक्के. अशा मालात कोलॅजेनचं काम मुख्यतः दाणे एकत्र धरून ठेवण्याचं. सर्जनच्या हाताला सोय होते, दाणे सांडत नाहीत. उपयोग आहे, पण तो बेताचा. दाणा भट्टीतलाच असेल तर तो मोडायला तितकाच हट्टी राहतो.

जपानमध्ये त्सुकुबाच्या संस्थेत मासानोरी किकुची, जुन्झो तानाका आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने गेले. २००१ मध्ये ‘बायोमटेरियल्स’ या नियतकालिकात त्यांनी जी पद्धत मांडली तिच्यात भट्टीच नाही. एका भांड्यात एकीकडून पाण्यात कालवलेला चुना, दुसरीकडून कोलॅजेन घातलेलं फॉस्फोरिक आम्ल, दोन्ही एकाच वेळी थेंबाथेंबाने सोडत राहायचं. तापमान ४० अंश आणि आम्लता-मापन नऊच्या आसपास, म्हणजे द्रावण किंचित अल्कधर्मी. या परिस्थितीत कोलॅजेनचे तंतू जुळणं आणि खनिजाचे स्फटिक पडणं बरोबरच घडतं, आणि स्फटिक आपोआप तंतूच्या दिशेला लागतात. पांढरा, तंतुमय साका खाली बसतो. वजनाने खनिज ८०, कोलॅजेन २०. हाडाच्या अगदी जवळ.

हा साका गोठवून वाळवला की त्याचा स्पंज होतो. गोठताना पाण्याचे जे स्फटिक होतात, ते निर्वात दाबाखाली उडून गेले की त्यांच्या जागी भोकं राहतात. त्यामुळे किती वेगाने गोठवलं यावर भोकांचा आकार ठरतो. भोकं शंभर मायक्रोमीटरहून लहान असतील तर पेशी आणि केशवाहिन्या आत शिरताना अडतात. तीनशेच्या पुढे असतील तर काम सुरळीत चालतं. जपानी स्पंजात ९५ टक्के पोकळीच असते. कोरडा असताना तो हलका, खडूसारखा. सलाइन किंवा रक्तात भिजवला की मऊ होतो, कात्रीने कापता येतो, बोटाने दाबला तर दबतो आणि सोडला की फुगून पोकळीच्या कडांना लागतो. पोकळी कधीच ठोकळ्यासारखी चौकोनी नसते, त्यामुळे ही लवचीकता सर्जनच्या दृष्टीने लाखमोलाची. आपल्याकडे चष्म्याच्या काचांसाठी ओळखल्या जाणाऱ्या होया समूहाने ‘रीफिट’ या नावाने तो जपानमध्ये विक्रीला आणला.

मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते प्राण्यांवरच्या चाचण्यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं दृश्य. हाडात बसवलेल्या या मालावर ऑस्टिओक्लास्टसारख्या पेशी येऊन बसल्या, त्यांनी तो कुरतडला आणि त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्टनी नवं हाड घातलं. रुग्णाचंच हाड भरल्यावर जो क्रम दिसतो, तोच. पेशींनी नकली माल खरा मानून मोडायला घेतला.

शरीर स्वतः खनिज तंतूच्या आत कसं भरतं, हा शोध निराळ्या दिशेने चालू होता. नुसत्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या द्रावणात कोलॅजेन बुडवलं तर स्फटिक बाहेरच्या बाजूला खरपुडीसारखे जमतात. फ्लोरिडा विद्यापीठात लॉरी गोवर यांनी त्यात पॉलिअ‍ॅस्पार्टिक आम्ल किंचित मिसळलं. ऋणभार असलेली ही लांब साखळी हाडातल्या काही प्रथिनांची नक्कल करते. ती स्फटिक पडू देत नाही. खनिज विस्कळीत, जवळजवळ द्रवासारख्या अवस्थेत रेंगाळतं, तंतूत झिरपतं आणि आत गेल्यावर स्फटिक बनतं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या संशोधकांनी नमुने क्षणार्धात गोठवून ही वाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात टिपली. म्हणजे तंतू भरायचा तर खनिजाला आधी थोपवून धरावं लागतं.

आता या मालाच्या कच्च्या बाजू. पहिली ताकदीची. हाडाचा कडक बाहेरचा थर चौरस मिलिमीटरला शंभर ते दोनशे न्यूटनपर्यंतचा दाब सोसतो. बोटाने दबणाऱ्या स्पंजाची त्याच्याशी तुलनाच नको. म्हणून भार येणाऱ्या जागी बाहेरून धातूची पट्टी आणि स्क्रू लागतातच. स्पंज आत जागा धरून ठेवतो, शरीर पेलण्याचं काम पट्टी करते. जाहिरातीत ‘कृत्रिम हाड’ म्हटलं की हे तपशील गळून पडतात.

दुसरी बाजू निर्जंतुकीकरणाची. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थिजतं, कारण उकळताना कोलॅजेनचा तिहेरी पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. स्पंज वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकला तर हेच होणार. गॅमा किरण वापरले तर कोलॅजेनच्या साखळ्या जागोजाग तुटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली ऊतीपेढी १९८८ पासून दान मिळालेली हाडं आणि इतर ऊती प्रक्रिया करून सर्जनांना पुरवते. या ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात आणि त्यासाठीची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. जंतूंसाठी ती पुरेशी, पण मात्रा जितकी वाढवाल तितकं हाड ठिसूळ होतं. खनिजाला किरणांनी फारसं काही होत नाही, नुकसान होतं ते कोलॅजेनचं.

तिसरी बाजू टिकण्याची. कोलॅजेन फार लवकर विरघळू नये म्हणून त्याचे धागे रासायनिक बंधांनी एकमेकांना बांधावे लागतात. हे शास्त्र चांभारांचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतात तेव्हा त्यातली टॅनिनं कोलॅजेनच्या साखळ्या जखडतात, म्हणून ते कुजत नाही. प्रयोगशाळेत पूर्वी ग्लुटाराल्डिहाइड वापरत. तेही कातडी कमावण्यातलंच रसायन, आणि उरलंसुरलं पेशींना मारक. आता सौम्य पर्याय आहेत. पण बांधणी जास्त झाली की पुन्हा तीच गोची. माल इतका टिकाऊ होतो की पेशींना मोडता येत नाही.

चौथी बाजू मूळ प्राण्याची, आणि हा प्रश्न आपल्या देशात टाळता येत नाही. कोलॅजेन गाईचं, डुकराचं, घोड्याचं किंवा माशाचं असतं. इटलीत मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध असलेल्या फाएन्झा गावात, तिथल्या सिरॅमिक संस्थेतून निघालेला माल घोड्याच्या कोलॅजेनवर मॅग्नेशियमयुक्त खनिज चढवून बनतो. दाताच्या इम्प्लांटआधी जबड्यात ‘बोन पावडर’ भरतात, तेव्हा ती कुठल्या प्राण्याची हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ज्याला चालत नाही त्याला आधी कळायला हवं.

पाचवी बाजू मोहाची. १९६५ मध्ये अमेरिकन सर्जन मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिज काढून टाकलेलं हाड सशाच्या स्नायूत पुरलं, आणि स्नायूतच नवं हाड उगवलं. त्या कोलॅजेनला चिकटून राहिलेली प्रथिनं पेशींना हाड करायचा हुकूम देत होती. पुढे त्यातलं बीएमपी-२ हे प्रथिन जनुकतंत्राने बनवता आलं आणि २००२ मध्ये ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मंजूर झालं. शरीरात ते अत्यल्प प्रमाणात असतं, इथे मिलिग्रॅमच्या मात्रेत वापरलं गेलं, कारण स्पंज ते धरून ठेवत नाही, सोडून देतो. मंजुरी नसलेल्या मानेच्या शस्त्रक्रियांतही ते वापरलं जाऊ लागलं. सूज येऊन श्वास आणि गिळणं अडल्याचे प्रकार घडले आणि २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. खनिज असलेलं कोलॅजेन हे प्रथिन जास्त काळ धरून ठेवतं, म्हणून कमी मात्रेत भागेल, या आशेवर आता बरंच काम चाललं आहे.

या सगळ्या मालाची मर्यादा मात्र रक्ताने ठरते. केशवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रोमीटरपेक्षा दूर पडलेली पेशी फार काळ जगत नाही. चारी बाजूंनी जिवंत हाड असलेल्या लिंबाएवढ्या पोकळीत वाहिन्या कडेकडेने आत सरकतात आणि स्पंज निभावून नेतो. अपघातात किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नळीच्या हाडाचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडाच गेला असेल तर स्पंजाच्या मध्याला रक्त पोचेपर्यंत तिथे काही जिवंत राहत नाही. तिथे सर्जन अजून दोन जुन्या वाटांनी जातात. एक सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची. हाड कापून बाहेरच्या कड्यांच्या आधाराने दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, सरकवत न्यायचं आणि मागच्या फटीत नवं हाड पडू द्यायचं. दुसरी मेलबर्नच्या इयान टेलर यांनी १९७०च्या दशकात दाखवलेली. पोटरीतलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढायचं आणि नव्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या जोडून द्यायच्या. अशा ऑपरेशनात आठ-दहा तास सहज जातात, आणि स्पंजाची भर फार तर दोन टोकांच्या सांध्याशी पडते.